जाणीव, देव आणि वॉलेससाहेब

दगडाला आपण दगड आहोत हे कळत नाही, पण तुम्हाला तुम्ही आहात हे कळते, मग हे कळणे आले कुठून? हा प्रश्न मी लहानपणापासून कीर्तनांत ऐकत आले आहे. बुवा प्रश्न टाकतात, क्षणभर थांबतात आणि झांज वाजायच्या आत उत्तरही स्वतःच देऊन टाकतात. ज्याने दिले तो देव! श्रोते माना डोलावतात. मीही डोलावली आहे. पण पुढे शाळेत इतिहास शिकवायला लागल्यावर एक खोड जडली. कोणताही युक्तिवाद कानावर आला की तो आधी कोणी केला, कधी केला, आणि तो करून तो माणूस शेवटी पोचला कुठे, हे पाहिल्याशिवाय चैन पडत नाही. या बाबतीत तसे पाहिले तर मोठी गंमत दिसते. जाणिवेचे बोट धरून निघालेली बरीच मोठी माणसे देवाच्या दारी पोचतच नाहीत. इकडचीही नाहीत आणि तिकडचीही नाहीत.

तिकडच्या माणसापासून सुरुवात करते, कारण त्याच्याबद्दल आपल्याकडे फार कमी लिहिले जाते.

उत्क्रांती म्हटली की शाळेच्या पुस्तकात डार्विन येतो. आल्फ्रेड रसेल वॉलेस आलाच तर "यानेही" एवढ्या एका शब्दापुरता. जन्म १८२३ चा, वेल्समधला. घरची परिस्थिती बेताची, त्यामुळे चौदाव्या वर्षाच्या आसपासच शाळा सुटली. मग भावाच्या हाताखाली जमीन मोजणीचे काम. १८४४ साली लेस्टरच्या एका शाळेत तो मास्तर होता (म्हणून मला जरा जास्तच जवळचा!). तिथे असतानाच हेन्री बेट्स नावाच्या कीटकवेड्या तरुणाशी गाठ पडली आणि १८४८ मध्ये दोघे ॲमेझॉनच्या जंगलात गेले. चार वर्षांनी परतताना भर समुद्रात जहाजाला आग लागली. जमवलेले किडे, पक्षी, वह्या, बहुतेक सारे जळाले. दहा दिवस उघड्या होडीत काढल्यावर दुसऱ्या जहाजाने उचलले. दुसरा कोणी असता तर कानाला खडा लावून घरी बसला असता. हा गडी १८५४ मध्ये मलाया द्वीपसमूहात गेला आणि आठ वर्षे बेटाबेटांवर फिरून सव्वा लाखाहून अधिक नमुने घेऊन परतला. त्यातले कितीतरी अली नावाच्या सारावाकच्या तरुण मदतनिसाने गोळा केलेले होते.

१८५८ च्या फेब्रुवारीत मोलुक्का बेटांत हिवतापाने पडलेला असताना त्याला नैसर्गिक निवडीची कल्पना सुचली. माल्थसचे लोकसंख्येवरचे पुस्तक त्याने पूर्वी वाचले होते, ते तापात आठवले. ताप उतरल्यावर निबंध लिहिला आणि पाठवला नेमका डार्विनला! डार्विन त्याच कल्पनेवर वीस वर्षे काम करत बसला होता. त्याची काय अवस्था झाली असेल ती कल्पनाच करावी. १ जुलै १८५८ रोजी लंडनच्या लिनियन सोसायटीत दोघांचे लेखन एकत्र वाचले गेले. दोघेही हजर नव्हते. वॉलेस न्यू गिनीकडे होता आणि डार्विनचे तान्हे मूल दोन-तीन दिवसांपूर्वी गेले होते. पुढे वॉलेसने श्रेयावरून कधी भांडण काढले नाही. स्वतःच्या १८८९ सालच्या पुस्तकाचे नावसुद्धा त्याने 'डार्विनिझम' असे ठेवले.

हे सगळे एवढ्यासाठी सांगितले, की पुढे जे झाले ते या दोघांत झाले. बाहेरच्या कुणी पाद्र्याने उत्क्रांतीवर दगड मारणे वेगळे. इथे सिद्धान्ताच्या दोन बापांपैकी एकानेच माणसापाशी येऊन हात वर केले.

साल १८६९. मार्चमध्ये वॉलेसचे मलाया द्वीपसमूहाचे प्रवासपुस्तक निघाले, ते डार्विनला अर्पण केलेले. आणि एप्रिलच्या 'क्वार्टर्ली रिव्ह्यू'त त्याचा एक लेख आला. निमित्त लायेलच्या भूशास्त्राच्या ग्रंथाच्या परीक्षणाचे. शेवटच्या पानांत त्याने लिहिले की माणसाचा मेंदू, वाणी, हात यांचा उलगडा नैसर्गिक निवडीने होत नाही. त्यामागे कुणा वरच्या बुद्धीचा हात मानावा लागेल. लेख येणार हे कळल्यावर डार्विनने आधीच पत्र लिहून, आपल्या दोघांच्या लेकराचा तू अगदीच जीव घेतला नसशील ना, अशी धास्ती व्यक्त केली होती. लेख वाचल्यावर त्याने आपल्या प्रतीच्या समासात "नाही" असे लिहून त्याखाली तीन रेघा ओढल्या आणि पुढे उद्गारचिन्हांची रांग लावली. पेपर तपासताना माझाही हात असा कधी कधी चालला आहे!

वॉलेसचा युक्तिवाद काय होता? नीट पाहिले तर त्यात दोन वेगळे धागे आहेत, आणि १८७० साली त्याने तो पुस्तकात विस्ताराने मांडला तेव्हाही ते एकमेकांत गुंतलेलेच राहिले.

पहिला धागा मेंदूचा. त्या काळचे युरोपीय विद्वान 'रानटी' माणसाला वानर आणि युरोपीय यांच्या मधल्या पायरीवर बसवत. वॉलेस अशा लोकांत बारा वर्षे राहिला होता. बोर्निओतल्या डायाक लोकांच्या घरांत झोपला होता, त्यांच्या हातचे जेवला होता. त्याला दिसले की ही माणसे बुद्धीने आपल्यापेक्षा कमी नाहीत आणि सचोटीने कित्येकदा वरचढ आहेत. प्रवासपुस्तकाच्या शेवटी तर त्याने इंग्लंडच्या समाजालाच रानटी ठरवले आहे. आता प्रश्न असा, की त्यांच्या कवटीतला मेंदू आपल्याएवढाच आहे, पण त्यांना ना भूमिती लागते, ना सिंफनी रचायची असते. नैसर्गिक निवड तर आज जेवढे उपयोगी तेवढेच देते, उद्याची बेगमी करत नाही. मग हा जास्तीचा मेंदू आधीच कुणी करून ठेवला?

या युक्तिवादामागची भावना मला फार मोलाची वाटते. माणसे सगळी सारखी आहेत हे डोळ्यांनी पाहिलेल्या माणसाचा तो युक्तिवाद आहे. पण तो टिकला नाही. हक्सलीने १८७१ मध्ये उत्तर दिले, की जंगलात जगायला बुद्धी कमी लागते असे कोणी सांगितले? माग काढायचा, शेकडो वनस्पती ओळखायच्या, वस्तीतल्या चार माणसांशी जुळवून घ्यायचे, भाषा बोलायची, हे काय बिनडोक्याचे काम आहे? आणि दुसरे असे, की एका कामासाठी वाढलेला अवयव दुसऱ्या दहा कामांना येतो. हात फांदी धरायला तयार झाला, म्हणून काय तो सतार धरू शकत नाही? हे डार्विनला मान्य होते, वॉलेसला नव्हते. प्रत्येक गुण आपल्या काळात उपयोगी असलाच पाहिजे यावर तो अडून बसला. म्हणजे वॉलेस देवाकडे (किंवा तत्सम कुणाकडे) वळला तो नैसर्गिक निवडीवरचा विश्वास ढळल्यामुळे नव्हे. तो विश्वास डार्विनपेक्षाही कडक होता म्हणून! हे स्टीफन जे गूल्ड या अमेरिकन शास्त्रज्ञाने फार छान दाखवून दिले आहे.

दुसरा धागा खुद्द जाणिवेचा. अणूंना जाणीव नाही. मग अणू कितीही, कसेही रचले तरी त्यांच्या बेरजेत जाणीव कुठून येईल? मुळात जे नाही ते रचनेने येत नाही. या मुद्द्यावर हक्सलीची गाडीही अडखळली. मेंदूला अमुक झाले की मनाला तमुक होते हे तो सांगे, पण का होते हे त्याला सांगता येत नव्हते आणि तो ते मान्यही करी.

आता वॉलेसवर एक आक्षेप नेहमी घेतला जातो आणि तो टाळून चालणार नाही. १८६५ पासून तो मेलेल्यांना बोलावण्याच्या बैठकांना जाऊ लागला होता. टेबले हलत, टकटक होई, फुले पडत. आपल्याकडच्या प्लँचेटचाच प्रकार. त्याच्या टीकाकारांनी म्हटले, की याचे शास्त्र तिथेच बुडाले. कुणी म्हणतात, दुःखाने बुडाले. १८५१ मध्ये त्याचा धाकटा भाऊ हर्बर्ट, जो त्याच्या मागोमाग ॲमेझॉनला गेला होता, तो पारा बंदरात पीतज्वराने वारला आणि वॉलेसला ते उशिरा कळले. १८७४ मध्ये त्याचा सात वर्षांचाही न झालेला मुलगा गेला. पण मग डार्विनचे काय? त्याच १८५१ साली त्याची दहा वर्षांची लाडकी ॲनी गेली, आणि ख्रिस्ती धर्मावरची त्याची उरलीसुरली श्रद्धा त्यानंतर संपली असे त्याचे चरित्रकार मानतात. एकाच वर्षीचे दोन मृत्यू, आणि दोन माणसे दोन उलट दिशांना गेली. तेव्हा दुःखाने माणूस अमुकच मानू लागतो, हे काही खरे नाही.

हे मी जरा ठासून लिहिते त्याला कारण आहे. माझा धाकटा भाऊ गेला त्याआधी दहा दिवस तो बेशुद्ध होता. डॉक्टर येत, डोळ्यांत बॅटरी मारून पाहत, काही न बोलता जात. एका रात्री पुतण्याने मला विचारले, "आत्या, बाबा आत आहेत का अजून?" पन्नाशीच्या जवळ आलेला इंजिनिअर मुलगा! मी म्हटले, "मला माहीत नाही रे. पण तू बोलत राहा." तो पहाटेपर्यंत बापाशी क्रिकेटचे बोलत होता. तेव्हा हा प्रश्न पुस्तकातला आहे, रिकामटेकड्यांचा आहे, असे कोणी म्हटले तर मला पटत नाही. आत कोणी आहे का, हे जो विचारतो त्याला त्या वेळी जगात कोणी निर्माता आहे का हे विचारायचे नसते. ते दोन प्रश्न आपण एकत्र बांधतो. ते बांधलेलेच आले पाहिजेत असे नाही.

वॉलेसनेही ते नीट बांधले नाहीत, हे मला विशेष वाटते. वरची बुद्धी म्हणजे देवच असे लोकांनी धरले तेव्हा त्याने खुलासा केला, की मला एकच सर्वशक्तिमान परमेश्वर अभिप्रेत आहे असे समजू नका. माणसापेक्षा वरच्या दर्जाच्या अनेक बुद्धी असू शकतील. १९१० च्या 'द वर्ल्ड ऑफ लाइफ' या पुस्तकात तर त्याने अशा जीवांची उतरंडच मांडली आहे. म्हणजे जाणिवेपासून निघालेला वॉलेस पोचला तो आत्म्यांच्या आणि देवदूतांच्या गर्दीत. कीर्तनकार बुवा ज्या एका दारात आपल्याला थेट नेऊन उभे करतात, तिथे तो गेलाच नाही म्हणा ना.

आणि इथेच मला आपले सांख्य आठवतात. जाणीव जडातून येत नाही, हे वॉलेसच्या दीड हजार वर्षे आधी त्यांनी ठामपणे सांगितले. 'सांख्यकारिका' साधारण चौथ्या-पाचव्या शतकातली. कर्त्याचे नाव ईश्वरकृष्ण, आणि ग्रंथात ईश्वराला जागा नाही! सांख्यांच्या मते जगात दोन गोष्टी आहेत. एक प्रकृती, ती जड आहे. दुसरा पुरुष, तो नुसता पाहणारा, साक्षी. पुरुषही एक नाही, अनेक. यातली खुबी अशी, की बुद्धी, अहंकार आणि मन हे तिन्ही सांख्यांनी प्रकृतीच्या, म्हणजे जडाच्या खात्यात टाकले आहेत. गणित सोडवणे, राग ओळखणे, आठवण ठेवणे, हे सगळे जडाचे काम. पुरुषाकडे उरते ते निव्वळ कळणे. वॉलेसचे दोन धागे मी वर सांगितले ना, मेंदूच्या करामतीचा आणि खुद्द जाणिवेचा? ते वेगळे करायचे काम सांख्यांनी आधीच करून ठेवले होते. वॉलेसने सांख्य वाचले असते तर पहिला युक्तिवाद त्याने कदाचित केलाच नसता.

बरे, पुरुष काही करत नाही आणि प्रकृती जड, मग जग चालवतो कोण? सांख्य म्हणतात, कोणीच नाही. वासराच्या वाढीसाठी गाईचे दूध आपोआप पाझरते, दुधाला काही कळत नसते, तशी प्रकृती पुरुषासाठी राबते. (शंकराचार्यांनी यावर पकडले, की दूध पाझरते ते गाईला वासराची माया असते म्हणून. गोठ्यात वावरलेल्या कोणालाही शंकराचार्यांचे पटेल.) जैनांचेही तसेच. जीव चेतन आहे, अनंत जीव आहेत, पण जग निर्माण करणारा कोणी नाही. कुमारिलासारखे मीमांसक, म्हणजे वेद प्रमाण मानणारे कट्टर लोक, त्यांनाही आत्मा मान्य, निर्माता ईश्वर अमान्य.

मग आपल्याकडे ईश्वर सिद्ध करायला कंबर कसली कोणी? नैयायिकांनी. उदयनाचार्यांचा 'न्यायकुसुमांजली' हा त्यातला मुकुटमणी. पण त्यांचा मुख्य पुरावा कुंभाराचा आहे. मडके दिसले की कुंभार असणारच, तसे जग हे कार्य आहे म्हणून त्याला कर्ता असणार. माणसाच्या जाणिवेवर त्यांची भिस्त नाही. उलट न्यायमतात जाणीव हा आत्म्याचा येणारा-जाणारा गुण. मनाचा संयोग असेल तर ती आहे, नसेल तर नाही, आणि मोक्षात तर ती उरतच नाही. असला दगडासारखा मोक्ष काय करायचा, अशी विरोधकांनी टर उडवली आहे. म्हणजे पाहा, जाणिवेला सर्वांत वर बसवणाऱ्या सांख्यांना ईश्वर लागला नाही, आणि ईश्वर सिद्ध करणाऱ्या नैयायिकांना जाणीव फारशी मोठी वाटली नाही. अद्वैत्यांची गोष्ट निराळी. त्यांच्या दृष्टीने चैतन्य हेच ब्रह्म, तेव्हा जाणीव देवाकडे बोट दाखवते हे म्हणणेच त्यांना चुकीचे वाटेल. बोट आणि चंद्र एकच झाले.

चार्वाकांना विसरून चालणार नाही. जे सुट्या भागांत नाही ते एकत्र केल्यावरही येत नाही, या वॉलेसच्या दुसऱ्या धाग्यावर त्यांचे उत्तर आपल्या पानाच्या डब्यात आहे. विड्याच्या पानात लाली नाही, चुन्यात नाही, सुपारीत नाही, पण विडा चघळला की तोंड लाल होते. तशी चार भूतांतून जाणीव. दाखला झकास आहे. पण यावर वेदान्त्यांनी विचारलेला प्रश्नही तितकाच खरा वाटतो. देहाचा रंग-रूप मेल्यावरही काही काळ तसेच राहते, मग जाणीव हा देहाचाच गुण असेल तर ती का राहत नाही? शिवाय लाली दिसते ती पाहणाऱ्याला. पाहणे ज्याला दिसते तो कोण, हे विड्याने सुटत नाही.

मराठीत या वादाची मजा चाखायची असेल तर 'गीतारहस्या'तले सांख्यशास्त्रावरचे प्रकरण वाचावे. मंडालेच्या तुरुंगात १९१०-११ च्या हिवाळ्यात टिळक पेन्सिलीने ते लिहीत होते, म्हणजे म्हातारा वॉलेस आपले शेवटचे ग्रंथ लिहीत होता तोच काळ. टिळक हेकेल या जर्मन उत्क्रांतिवाद्याला आणि कपिलाला समोरासमोर बसवतात. प्रकृतीचा पसारा सांगण्यात दोघे कुठवर बरोबर चालतात ते दाखवतात आणि जाणिवेपाशी हेकेलचा हात सोडतात. तुरुंगात बसून एवढे ताजे युरोपीय शास्त्र वाचणारा दुसरा राजकैदी मला माहीत नाही.

आणि आज? वॉलेसचा पहिला धागा आता शास्त्रात कोणी धरत नाही. दुसरा मात्र अजून लोंबकळतोच आहे. १९९८ साली क्रिस्टॉफ कॉख या मेंदूशास्त्रज्ञाने डेव्हिड चाल्मर्स या तत्त्वज्ञाशी पैज लावली, की मेंदूत जाणीव कशी निर्माण होते हे पंचवीस वर्षांत स्पष्ट होईल. २०२३ च्या जूनमध्ये न्यूयॉर्कला कॉखने भर सभेत हार मानली आणि वाइनच्या बाटल्या चाल्मर्सला दिल्या. चाल्मर्स म्हणतो, की जाणीव जडात विरघळत नाही. पण तोही देवापर्यंत जात नाही. थेट सांख्यांच्या वाटेवरचा प्रवासी! वॉलेसनेही एकदा पैज घेतली होती बरे का, पण ती १८७० साली, पृथ्वी सपाट आहे म्हणणाऱ्या एका गृहस्थाशी. एका कालव्यावर खुणा उभारून, दुर्बीण लावून त्याने ती जिंकली आणि पुढे अनेक वर्षे त्या गृहस्थाच्या शिव्या खाल्ल्या. पृथ्वीची गोलाई मोजायला कालवा पुरला.

डार्विनबद्दल एक सांगायचे राहिले. समासात तीन रेघा ओढणाऱ्या या माणसाने १८८१ मध्ये, वॉलेस पैशाने तंगीत आहे हे पाहून, खटपट करून त्याला सरकारकडून वर्षाला दोनशे पौंडांचे पेन्शन मिळवून दिले. आत्म्यांच्या नादी लागलेल्याला कशाला, म्हणून त्याच्याच एका जिवलग मित्राने आधी नाक मुरडले होते. त्याच वर्षी एका पत्रात डार्विनने स्वतःची एक शंकाही लिहून ठेवली आहे. आपले मन जर खालच्या प्राण्यांच्या मनातून उत्क्रांत झाले असेल, तर अशा मनाला विश्वाबद्दल जे पटते त्याच्यावर कितपत भरवसा ठेवावा? देव आहे असे पटण्यावरही आणि नाही असे पटण्यावरही ही शंका सारखीच लागू पडते. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये वेस्टमिन्स्टर ॲबेत डार्विनच्या शवपेटीबरोबर चालणाऱ्या मानकऱ्यांत वॉलेस होता. त्यानंतर तो एकतीस वर्षे जगला आणि शेवटपर्यंत दोन्ही गोष्टी मानत राहिला, नैसर्गिक निवडही आणि आत्मेही.

असो. चार्वाकांना इथे फार थोडक्यात आटोपावे लागले. त्यांच्याविषयी जे कळते ते बहुतेक त्यांच्या विरोधकांनी लिहिलेले, ही एक निराळीच कथा आहे. ती पुन्हा केव्हातरी.